राहून गेलेले उबाल्दोकाका

डोंगरावरच्या सारनेदा गावाला पाव पोचवायला मी आठवड्यातून दोनदा जाते. खालच्या गावात आमची भट्टी आहे. हिवाळ्यात त्या घाटाला आमची गाडी आणि बर्फ हटवणारं यंत्र सोडलं तर कुणी फिरकत नाही. गेली कित्येक वर्षं थंडीत वर पाव घेणारं माणूस एकच होतं, उबाल्दोकाका. एका माणसासाठी एवढा घाट चढणं हा काही धंदा नव्हे. पण माझे वडील चढायचे, म्हणून मीही चढते. ते माझे सख्खे काका नव्हेत. आमच्याकडे वयस्कर पुरुषाला सगळेच काका म्हणतात.

काका तरुण होते तेव्हा बिल्बाओ बंदरातल्या कारखान्यांत माणसं हवी होती आणि सारनेदात एकामागून एक दारांना कुलपं लागत होती. काकांचंही बोचकं बांधून तयार होतं. रेमिहिया नावाची गावातलीच मुलगी आईवडिलांबरोबर निघाली होती, आणि तिचं नि काकांचं लग्न ठरल्यातच जमा होतं. पण निघायच्या आदल्या दिवशी काकांची आई, फेर्मिनाबाई म्हणाल्या, "गाय विणार आहे. वासरू होऊ दे, मग जा."

वासरू झालं. मग गवत कापायला आलं. मग फेर्मिनाबाईंचा गुडघा धरला. पुढे त्या दर हिवाळ्यात मरणाला टेकायच्या, पाद्री येऊन प्रार्थना म्हणून जायचा, आणि बर्फ वितळलं की बाई उठून बटाटे लावायला जायच्या. रेमिहियानं बरीच वाट पाहिली, मग एका वेल्डरशी लग्न केलं. फेर्मिनाबाई शंभरीच्या अलीकडे कधीतरी गेल्या, त्याही बटाटे काढून झाल्यावर. तोवर काकांचे केस पांढरे झाले होते आणि गावात दुसरी चूल पेटत नव्हती.

आई गेल्यानंतरच्या वसंतात काका पाव घेता घेता म्हणाले, "बसिलिसा, मी चाललो."

"कुठं?"

"आलिकांतेला. समुद्राकाठी. मावसभावाच्या इमारतीत एक खोली रिकामी आहे. आठवा मजला, लिफ्ट आहे, खाली कॉफीचं दुकान."

"आणि कोंबड्या?"

"कोंबड्या तू ने. तुला अंडी लागतातच."

मला आनंद झाला. माणसानं चाळीस वर्षं बांधून ठेवलेलं बोचकं अखेर उचललं होतं. पण त्याच आठवड्यात नेरेआ आली.

नेरेआ माद्रिदच्या एका वर्तमानपत्रात लिहायची. ओस पडलेल्या गावांवर तिला लेख करायचा होता. मी पाव घेऊन वर गेले तेव्हा ती काकांच्या ओट्यावर बसली होती, आणि काका तिला लसणाचं सूप वाढत होते.

"सगळे गेले, तुम्हीच का राहिलात?" तिनं विचारलं.

"गाय विणार होती," काका म्हणाले.

"आणि इथं असं काय आहे, जे शहरात नाही?"

"इथं? काहीच नाही."

तिनं वहीतून मान वर केली. डोळे पाणावले होते तिचे. "काहीच नाही," ती हळूच म्हणाली, "किती सुंदर बोललात."

लेख रविवारच्या पुरवणीत आला, पान भरून फोटोसह. 'मातीशी इमान राखणारा शेवटचा माणूस' असा मथळा होता. गाईचा उल्लेख होता, पण ती आता मुक्या जिवावरच्या मायेची खूण झाली होती. फोटोत काका दूर डोंगराकडे बघत होते. खरं म्हणजे ते माझी गाडी येते का बघत होते.

मग माणसं यायला लागली. शनिवार-रविवारी गाड्या उभ्या करायला जागा पुरेना. सगळ्यांना गावाचा इतिहास हवा होता, आणि तो काकांकडूनच ऐकायचा होता. काकांनी सुरुवातीला खरं ते सांगून बघितलं.

"या संताच्या मूर्तीचं नाक दोनशे वर्षांपूर्वीच्या स्वारीत फ्रेंच सैनिकांनी तोडलं ना?" एका निवृत्त मास्तरांनी चर्चमध्ये विचारलं.

"नाही, मी तोडलं. लहानपणी मेणबत्त्या विझवायच्या काठीनं."

सगळे पोट धरून हसले. काय हा डोंगरी विनोद! मास्तर तर बायकोला म्हणाले, "बघ, ही माणसं दुःखाला कशी हसण्यावारी नेतात." फ्रेंच सैन्य आमचा घाट कधी चढलंच नव्हतं, त्यांना तरी वर काय काम? पण पुढच्या रविवारी कुणीतरी तेच विचारलं तेव्हा काका खाली मान घालून म्हणाले, "फ्रेंचांनीच." लोक गंभीर झाले, समाधानानं फोटो काढून गेले.

आलिकांतेचं नाव निघेना. मी एकदा टोकलंच, "काय काका, समुद्र आटला वाटतं?"

"जाऊ कसा, पोरी? लोक इतक्या लांबून मला बघायला येतात. आई गेली, तर आता हे."

"त्यांना सांगून टाका की खरं."

"सांगितलं की. खरं सांगितलं की ते लिहून घेतात." मग ते गाडीच्या दाराला टेकले. "मी राहिलो, मी राहिलो म्हणतात सगळे. अगं, मी राहिलो नाही. मी राहून गेलो."

ऑगस्टमध्ये गावची जत्रा असते. बिल्बाओला, बार्सेलोनाला गेलेले त्या चार दिवसांत येतात, कुलपं उघडतात, मेंढा भाजतात आणि आपलं गाव कसं मरतंय म्हणून रडतात. त्या वर्षी त्यांच्या मंडळानं गावातल्या कारंज्यावर काकांच्या नावाची पितळी पाटी बसवायचं ठरवलं. पाटीवर मजकूर होता, 'ज्यानं गाव सोडलं नाही त्या उबाल्दोस.'

आणि त्या वर्षी रेमिहिया आली. वेल्डर वारला होता. केस तिचेही पांढरे, पण चालणं तसंच ताठ. माझ्या गाडीपाशीच दोघांची गाठ पडली, त्यामुळे मी ऐकलं, नाही म्हणत नाही.

"मी बापाचं घर नीट करून घेतलंय, उबाल्दो," ती म्हणाली. "आता परत येतेय. कायमची."

काकांच्या हातातला पाव तसाच राहिला. "आत्ता?"

"आत्ता म्हणजे? तुझा लेख वाचला, रात्रभर रडले. मातीशी इमान म्हणजे काय ते तूच शिकवलंस."

"मी? अगं, मी फक्त गाय म्हणालो होतो!"

ती हसली नाही. काकांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "रेमि, मी समुद्राकाठी चाललोय. आठवा मजला आहे. तूही चल."

"समुद्राकाठी? जन्म गेला माझा बंदराच्या ओलीत आणि धुरात. खिडकी उघडली की खारट वारा! नाव काढू नकोस समुद्राचं. तू इथंच थांब. इतकी वर्षं थांबलास, आणि मी आले तर निघालास?"

"इतकी वर्षं थांबलो म्हणूनच निघालो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटीवरचं फडकं काढायचं होतं. बँड वाजला, मंडळाच्या अध्यक्षांनी मुळं, माती, पूर्वज सगळं काढलं. मग काकांना पुढं ढकललं. अंगात मेलेल्या बापाचा कोट, गळ्याशी घट्ट.

"मला बोलता येत नाही," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "तुम्ही इतिहास विचारता. माझा आजा मेंढरं घेऊन दक्षिणेला जायचा. आज्याचा भाऊ क्यूबाला गेला. काका अर्जेंटिनाला गेला. तुम्ही बिल्बाओला गेलात. या गावाची परंपरा एकच, गाव सोडायचं. ती पिढ्यानपिढ्या सगळ्यांनी पाळली. मोडली फक्त मी, ती पण गाईमुळं. तर मंगळवारच्या बसनं मी परंपरा पाळायला निघालोय. आभार."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग अध्यक्ष हसायला लागले, म्हणून सगळे हसले. काय तो डोंगरी विनोद! फडकं निघालं, मेंढा कापला, नाच झाला. रेमिहिया तेवढी हसत नव्हती.

मंगळवारी काका खरंच गेले. बसपर्यंत मीच सोडलं त्यांना. वळणावर त्यांनी मागं बघावं म्हणून मी गाडी हळू केली, तर म्हणाले, "चल लवकर, बस चुकेल." मग रुमालानं नाक पुसलं आणि खिडकीबाहेर बघत बसले, दरीच्या बाजूला.

पाटी तिथंच आहे. पक्की बसवलीय, कोण काढणार? लोक अजून येतात, तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. त्यांना रेमिहिया गाव दाखवते, काकांपेक्षा कितीतरी चांगलं. फ्रेंच सैनिक आता चर्चमध्ये घोड्यांसकट शिरतात. तिचं बघून बिल्बाओचं एक जोडपंही येऊन राहिलंय, त्यामुळे वर माझे चार पाव खपतात. कोंबड्याही तिनंच ठेवून घेतल्या.

काका मला रविवारी फोन करतात. तिथल्या कॉफीच्या दुकानात ते सारनेदाविषयी इतकं बोलतात, की शेजारी त्यांना बघून टेबल बदलतात म्हणे. बर्फ पडलं का, पाणी गोठलं का, घाट उघडा आहे का, सगळं विचारतात. रेमिहियाचं नाव घेत नाहीत. "वरचं काय?" एवढंच म्हणतात.

ती मात्र सरळ विचारते. परवा पाव घेताना म्हणाली, "येतोय का तो?"

"ऑगस्टमध्ये येतो म्हणाले."

"ऑगस्टमध्ये सगळेच येतात," ती म्हणाली, आणि पाव काखेत मारून वर चढायला लागली.