इफ्तारनंतर वाढलेले एकेचाळीस घोडे

"चारशे आठ," बू राशिदनी स्क्रीनवरचा आकडा मोठ्याने वाचला. "सैफ का कितना था?"

चारशे बावन्न. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि सैफने तो कागद फ्रेम करून आपल्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, लावला असल्यामुळे त्यांच्या अख्ख्या खानदानाला माहीत होतं. सैफ त्यांचा चुलतभाऊ. रमजानच्या महिनाभर आधी मीच त्याची गाडी ट्यून केली होती, आणि त्या कागदावर सही माझीच होती.

मी दुबईत अल कूझमधल्या एका वर्कशॉपमध्ये डायनो ट्यूनर आहे. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले मोठे रोलर. गाडीची चाकं त्यावर ठेवायची, पट्ट्यांनी गाडी जखडायची आणि जागच्या जागी फुल स्पीडने पळवायची. रोलर किती जोरात फिरले त्यावरून कॉम्प्युटर सांगतो, चाकांपर्यंत किती हॉर्सपॉवर पोचली. त्याप्रमाणे पेट्रोल आणि ठिणगीचा हिशेब जुळवणं हे माझं काम. कोल्हापुरात माझे सासरे अजूनही लोकांना सांगतात की जावई दुबईत गाड्या धुतो. त्यांना दुरुस्त करणं मी सोडून दिलंय.

बू राशिद, म्हणजे राशिदचे वडील, साठीचे, निवृत्त सरकारी अधिकारी. अल खवानीजच्या व्हिल्यात, गाड्यांच्या शेडखाली त्यांनी तीन वर्षं खपून एक हॉट रॉड बांधली होती. हॉट रॉड म्हणजे गाडी आजोबांच्या काळातली आणि इंजिन नातवाच्या वयाचं. इथे बॉडी होती जुन्या अमेरिकन पिकअपची आणि आत ठोकलेला आठ सिलिंडरचा राक्षस. असे शौक करणारे बहुतेक लोक चेक लिहितात आणि मेकॅनिकच्या मागे उभे राहून फोटो काढतात. या माणसाने इंजिनाचा बोल्ट न् बोल्ट स्वतः आवळला होता. नखांतलं काळं तेल त्यांच्या पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्याशी, म्हणजे पायघोळ झग्याशी, अजिबात जात नव्हतं, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

तर चव्वेचाळीस घोडे कमी होते आणि ते शोधायचे होते.

आधी सोपं पाहिलं. टायर रोलरवर घसरतायत का? नाही. पट्ट्या सैल? नाही. पेट्रोल आणि हवेचं प्रमाण? बरोबर. मग टायमिंग. पिस्टन वर येता येता नेमकी कधी ठिणगी टाकायची, ते टायमिंग. थोडी लवकर टाकली तर ताकद वाढते. फार लवकर टाकली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर स्फोट होतो. त्याला नॉक म्हणतात, आणि तो फार काळ चालला तर इंजिन भंगारात जातं.

मी दोन डिग्री वाढवल्या. चारशे नऊ. आणखी दोन वाढवल्या, तर हेडफोनमध्ये डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज आला. मी पटकन पाय काढला आणि सगळं होतं तिथे आणून ठेवलं.

"क्या हुआ, मुहंदिस?" बू राशिदनी विचारलं. मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. मी डिप्लोमावाला, पण ते म्हणतात तर म्हणोत.

आता आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. ट्यूनरला उत्तर सापडलं नाही की तो बांधणाऱ्याला दोष देतो. गाडी जर घरी बांधलेली असेल तर प्रश्नच मिटला. मी गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, "बू राशिद, मेरे हिसाब से कॅम गलत बैठा है. एक दात आगे-पीछे. इंजिन खोलना पडेगा."

कॅम म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा. तो चेनने जोडताना एक दात चुकला की इंजिनाला श्वास नीट घेता येत नाही. निदान ऐकायला झकास होतं. पुरावा माझ्याकडे शून्य होता.

मला वाटलं, ते भडकतील. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "मैंने ही लगाया था. चश्मा नहीं था उस दिन. मेरी ही गलती होगी."

त्यांनी लगेच फोन करून दुसऱ्या दिवशी गाडी उचलून न्यायला रिकव्हरीची गाडी सांगितली. इंजिन आता शारजाच्या एका गॅरेजमध्ये उघडणार होते. "मेरे हाथ से नहीं होता अब," ते म्हणाले. "आँख गई, खलास." मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. गाडी आता दुसऱ्याच्या गळ्यात जाणार होती.

रमजान चालू होता. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची, वेळ होत आली तसं बू राशिदच्या घरून जेवण आलं. खजूर, लबान म्हणजे ताक, आणि गहू-मटण घोटून केलेल्या हरीसचं मोठं पातेलं. रोलरच्या शेजारी प्लास्टिक अंथरून आम्ही सगळे बसलो. आमचा मेकॅनिक नझीर, रत्नागिरीचा, त्याने रोजा सोडला. मी रोजा धरत नाही, पण नझीर दिवसभर उपाशी असताना त्याच्यासमोर खाणं-पिणं बरं दिसत नाही, म्हणून महिनाभर मीही दुपारचं सगळं गाडीत बसून चोरून उरकत होतो. नमाज झाला आणि नझीरने महिनाभराच्या रिवाजाप्रमाणे पहिलं काम केलं ते म्हणजे कंट्रोल रूममधल्या इलेक्ट्रिक शेगडीवर चहाचा टोप चढवला. दूध घालून उकळ उकळ उकळलेला चहा. इथे त्याला करक म्हणतात.

चहा उकळत होता तेव्हा बू राशिद म्हणाले, "एक बार और चलाओ. कल खोलेंगे तो पता नहीं कब सुनूँगा."

मी चालवली. माणसाची शेवटची इच्छा म्हणून चालवली, आकड्यासाठी नाही.

चारशे एकोणपन्नास.

नझीर ओरडला, "अरे बाबा! हे काय झालं?" बू राशिदनी मला मिठी मारली. आवाज ऐकून आमचे मालक जॉर्ज साहेब ऑफिसमधून बाहेर आले, स्क्रीन पाहिली आणि काही न विचारता प्रिंटचं बटण दाबलं. "देखा? घाटगे का जादू!" त्यांनी जाहीर केलं. घाटगे म्हणजे मी. जादूगाराला मात्र काहीच कळत नव्हतं. मी एक स्क्रूसुद्धा हलवला नव्हता. आमच्या धंद्यात कारण नसताना बरा झालेला बिघाड कारण नसताना परतही येतो.

बू राशिदना वेगळीच घाई झाली होती. "मुहंदिस, सिर्फ तीन घोडे! तीन दे दो, सैफ के बराबर. चार दो तो ऊपर. थोडा टायमिंग बढाओ, यल्ला!"

टायमिंग वाढवायचं म्हणजे पुन्हा त्या फुटाण्यांकडे जायचं. आणि रेटत राहायचं म्हणजे तीन वर्षांचं इंजिन माझ्या रोलरवर संपवायचं. पण आता माझ्याच मशीनवर माझाच आकडा उभा होता, आणि नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

वेळ काढायला म्हणालो, "पहिले एक बार चेक करता हूँ." सेटिंग तीच ठेवून पुन्हा चालवली. तोवर नझीर टोप उतरवून कप भरत होता. चारशे सदतीस. पुन्हा चालवली. चारशे एकवीस. इंजिन तापलं की आकडा थोडा पडतो, पण इतका नाही. मी पहिल्यांदाच स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांकडे नीट पाहिलं. हवेचं तापमान: चोपन्न डिग्री. मागच्या रनला एकसष्ट होतं, त्याच्या मागच्याला अडुसष्ट.

अडुसष्ट डिग्री हवेत आम्ही चार जण उभे होतो, आणि जॉर्ज साहेबांनी टायसुद्धा घातला होता.

हे तापमान कशाला लागतं ते सांगतो. गरम, दमट हवा पातळ असते, इंजिनाला दम कमी मिळतो. म्हणून डायनोचा कॉम्प्युटर हवा मोजतो आणि वाईट हवेत पळणाऱ्या गाडीला ग्रेस मार्क देतो. म्हणजे जुलैतली दुबई आणि जानेवारीतली दुबई यांची तुलना करता येते. हवा मोजणारा सेन्सर म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. मी तिच्या वायरचा भिंतीवरून माग काढत गेलो. ती गाडीजवळ असायला हवी. ती कंट्रोल रूममध्ये खिळ्याला लटकत होती, बरोब्बर नझीरच्या चहाच्या टोपावर.

दहा महिन्यांपूर्वी तिथे तो खिळा मीच ठोकला होता. वायर पुढे पुरत नव्हती. शेगडी नंतर आली. त्या दिवसापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीला चहाच्या वाफेवर ग्रेस मार्क मिळत होते. रमजानात दिवसा शेगडी बंद झाली आणि पहिल्यांदाच आमची मशीन खरं बोलायला लागली. ते उघडकीला आलं नेमकं बू राशिदच्या गाडीवर.

जॉर्ज साहेबांना मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"आदमी खुश है?" त्यांनी विचारलं.

"है."

"तो तुम क्यूँ उसको दुखी करता है? रमजान का महिना है. प्रिंट दे दो, खलास."

"सर, उनको तीन घोडे और चाहिए. मैं दूँगा तो इंजिन जाएगा."

"तो मत दो. बोलो मशीन बंद है."

"और सैफ का कागद? उसपर मेरा साइन है."

साहेबांनी टाय सैल केला आणि ऑफिसमध्ये जाऊन दार लावून घेतलं. त्यांची परवानगी देण्याची हीच पद्धत आहे.

मी बू राशिदना टोप दाखवला, सेन्सर दाखवला, स्क्रीनचा कोपरा दाखवला. मग डबी खिळ्यावरून काढून, वायरला जोड देऊन गाडीच्या तोंडाजवळ बांधली आणि त्यांच्यासमोर पुन्हा चालवली. चारशे सात. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहत नव्हतो. आपल्या हाताने दिलेलं खेळणं काढून घेताना कोणी पाहत नाही.

मग त्यांनी विचारलं, "तो कॅम?"

"जी?"

"कॅम ठीक है?"

एवढा गोंधळ झाला, वाढलेले एकेचाळीस घोडे उडाले, आणि या माणसाला विचारायचं होतं ते हेच.

"कॅम एकदम ठीक है," मी म्हणालो. "इतने इंजिन को चार सौ सात-आठ ही होना चाहिए. आपका काम सही है, बू राशिद. गलती मेरी थी. पहले से मेरी थी."

"अलहमदुलिल्ला," ते म्हणाले आणि तिथेच फोन काढून रिकव्हरीची गाडी रद्द केली. बोलता बोलता त्यांचं लक्ष पुन्हा टोपाकडे गेलं. त्यांनी भुवया उंचावल्या. "और सैफ के टाइम... चाय चालू था?"

"दिवसभर, चाचा," नझीर मराठीतच म्हणाला. त्यांना समजलं. ते इतके हसले की डोक्यावरची गुत्रा घसरून खांद्यावर आली.

सैफला पुढच्या आठवड्यात यावंच लागलं. नाही म्हटलं असतं तर खानदानात तोंड दाखवायला जागा उरली नसती. भर दुपारी, सेन्सर जागेवर, शेगडी बंद. त्याची गाडी आली चारशे नऊवर. इतका फरक रोलर दोन वेळा फिरवले तरी पडतो, म्हणजे दोन्ही गाड्या सारख्याच, असं मी दोघांना समजावलं. कोणी ऐकलं नाही. सैफ आपले त्रेचाळीस घोडे गमावून एका घोड्याने जिंकल्याचा जल्लोष करत निघून गेला. बू राशिद म्हणाले, "एक घोडा? सदका समझ के छोड दिया." सदका म्हणजे दानधर्म.

जुन्या गिऱ्हाइकांसाठी मी नोटीस लिहिली: आधीचे सगळे आकडे कमी धरावेत. जॉर्ज साहेबांनी ती मन लावून वाचली आणि प्रिंटरच्या मागच्या बाजूला चिकटवली. रोज सकाळी सेन्सर पाहून सही करायची, असा नियम मात्र त्यांनी काढला. सही अर्थातच माझी.

धडा म्हणाल तर तांत्रिक धडा शेंबड्या पोरालाही कळेल: सेन्सर जागेवर लावा. मला टोचतं ते दुसरंच. मी काही न तपासता म्हटलं, कॅम चुकलाय, आणि त्या माणसाने क्षणात मान्य केलं, माझीच चूक असेल. त्याच्या त्या होकारावर मी निदान पक्कं केलं. जो चुकलाच नाही तो इतक्या सहज कबूल कशाला करेल, असं मला वाटलं. चूक लगेच कबूल करणारा माणूस आमच्या धंद्यात इतका विरळा आहे की भेटला तेव्हा मी त्यालाच गुन्हेगार ठरवलं.