हाकेला ओ

आधीच सांगते, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. कोणी म्हणालं की असं असं झालं, तर मी म्हणते, परत करून दाखव. नाही दाखवता आलं तर तक्रारीचं तिकीट क्लोज. भुताखेतांची तिकिटं तर मी शाळेत असल्यापासून क्लोज करत आलेय. बाबा डोंबिवलीला जन्मभर केमिस्ट्री शिकवायचे, त्यामुळे आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त जेवणात. हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण दीड वर्ष झालं, नवऱ्याशिवाय कोणाशी बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही टोकियोत निशी-कसाईला राहतो, मी आणि निखिल. निखिल बाबांचाच विद्यार्थी, लग्नानंतरही त्यांना ‘सर’च म्हणतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. आई जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आल्या आल्या त्यांनी कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं, बाटल्यांची लेबलं सोलून वेगळी करायला लागले, आणि आमचंच चुकतंय म्हणून आम्हाला बोलणी खायला लावली. एकूण काय, माणूस कंटाळला होता.

माझ्या ऑफिसातल्या काओरी-सानचे मामा निइगाताकडे साके म्हणजे तांदळाची दारू बनवणाऱ्या एका छोट्या ब्रुअरीत तोजी आहेत. तोजी म्हणजे तिथला मुख्य कारागीर. थंडीत त्यांचं काम जोरात असतं. "तुझ्या वडिलांना आंबवणं बघायला आवडेल," म्हणून तिनेच सगळं ठरवून दिलं. मामांचा मेल आला त्यात लिहिलं होतं, येण्याआधी दोन दिवस नात्तो खाऊ नका. ते चिकट, वासाचं सोयाबीन आमच्यापैकी कोणी फुकट दिलं तरी खाणार नाही, त्यामुळे आम्ही हसलो आणि मेल पुढे वाचलाच नाही. मूर्खपणा, दुसरं काय.

निघायच्या सकाळी बाबांनी माझ्या हातावर दही-साखर ठेवली. कुठेही लांब निघालं की आई ठेवायची. "तुझ्या आईची ड्यूटी आहे, चुकवून चालणार नाही," म्हणाले. स्वतः खाल्लं नाही, थंडीत त्यांना दही बाधतं. निखिल कचरा टाकायला खाली गेला होता. म्हणजे दही खाल्लं फक्त मी. हे लक्षात ठेवा.

आधी शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, मग दोन डब्यांची गाडी, मग बर्फातून पंधरा मिनिटं चालत. काळ्या लाकडाची जुनी इमारत, दारावर देवदाराच्या पाल्याचा मोठा तपकिरी गोळा टांगलेला. मामा सत्तरीचे, बुटके, हात मात्र पैलवानासारखे. त्यांच्या बायकोने चहा आणला. ती मामांच्या मागे येऊन उभी राहिली, एक शब्द बोलली नाही, ट्रेवर बोटाने दोनदा टकटक केलं, तेव्हा कुठे मामांनी वळून बघितलं. मला वाटलं, सकाळी सकाळी भांडण झालेलं दिसतंय.

मग मामांनी विचारलं, नात्तो? आम्ही तिघांनी माना हलवल्या. दही? मी सरळ सांगितलं, हो, सकाळीच, घरी विरजलेलं. मामा दोन पावलं मागे सरकले, मला गोवर झाल्यासारखे. तांदळावर ते जी बुरशी वाढवतात तिच्यात बाहेरचे जंतू शिरले तर अख्खी टाकी फुकट जाते म्हणे. मला आत प्रवेश नाही. पॅसेजमध्ये मोठी काच होती, तिथून बघायची परवानगी मिळाली. एवढ्या लांब येऊन काचेबाहेर... मी चांगलीच फुगले.

आत जाण्याआधी मामांनी दोन सूचना दिल्या. निखिलचं जपानी आमच्यात बरं, तो सांगत होता. पहिली, टाकीच्या तोंडावर वाकायचं नाही. ही बाबांनीच पुरी केली. "कार्बन डायऑक्साइड. हवेपेक्षा जड, तोंडाशी साचून राहतो. दोन श्वासांत माणूस आडवा, आणि त्याला काढायला जाणारा दुसराही." मामा खूश झाले. दुसरी सूचना बरीच लांब होती. निखिलने ती एका वाक्यात आटपली, "आत कोणाला हाका मारायच्या नाहीत म्हणतायत. काम असलं तर खांबावर लाकडाचा ठोकळा टांगलाय, तो दोनदा वाजवायचा." मशीनच्या आवाजामुळे असेल, असं आम्ही समजलो.

सव्वाअकरा वाजले होते, स्वच्छ उजेड होता. काचेतून मला सगळा हॉल दिसत होता. माणसापेक्षा उंच टाक्या ओळीने, बाजूने लोखंडी जिना, आणि वर लाकडी माळा. टाक्यांची तोंडं त्या माळ्यावर उघडतात. मामा आणि निखिल पार टोकाला तापमानाची वही बघत होते. बाबा तिसऱ्या टाकीजवळ मागे राहिले होते. आतला बुडबुड्यांचा आवाज ऐकायला त्यांनी टाकीला कान लावला होता.

एकदम त्यांनी वर बघितलं आणि हसले. लहानपणी मला कॅरममध्ये मुद्दाम जिंकू द्यायचे तेव्हाचं हसू. त्यांचे ओठ हलले. काहीतरी म्हणाले. आणि जिना चढायला लागले.

मामांना सोडून ते एकटेच माळ्यावर का निघाले होते? आणि बाबा बोलत कोणाशी होते? वर कोणीच नव्हतं, मला जिन्याचं वरचं टोक दिसत होतं. मी "बाबा, बाबा" ओरडले. काच जाड, त्यात मशीनचा आवाज. मग मुठीने काचेवर दोनदा ठोकलं. ठरवून नाही, दोनदाच ठोकलं गेलं.

बाबा सहाव्या पायरीवर थांबले. वळले, मला बघितलं. मी ओरडायची थांबले होते, तोंड मिटलेलं होतं. त्यांनी परत वर बघितलं. परत माझ्याकडे. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी बघितलं. कठडा धरून ते तिथेच पायरीवर बसले. माझे वडील घाबरलेले मी त्याआधी कधीच पाहिले नव्हते, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

निखिलने हाताला धरून बाहेर आणलं. पाणी प्यायले. मग म्हणाले, "मनू, तू वर होतीस ना?"

"मी दही खाल्लंय बाबा. मी कशी वर जाणार?"

"मला वाटलं, आत सोडलं तुला शेवटी. तू वरून हाक मारलीस. बाबा, या ना, किती वेळ. म्हणून निघालो. मग काच वाजली, बघतो तर तू तिकडे उभी. तोंड मिटलेलं. आणि मनू, तेव्हाही वरून तू बोलतच होतीस." 

त्या हॉलमध्ये मराठी येणारी दोनच माणसं होती, बाबा आणि निखिल. निखिलने काहीही ऐकलं नव्हतं.

हे मामांना सांगितलं तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. त्यांनी एकच गोष्ट विचारली. यांनी ओ दिली का?

"नाही म्हणून सांग," बाबा निखिलला म्हणाले.

त्यांचे ओठ हललेले मी बघितले होते. तरी गप्प बसले. रिटायर्ड मास्तरांना परक्या माणसासमोर खोटं कशाला पाडायचं, एवढाच विचार केला. आजही मला त्या गप्प बसण्याचा राग येतो. मामांनी मान लववली आणि जाताना बाबांच्या हातून खांबावरचा ठोकळा दोनदा वाजवून घेतला.

चार दिवसांनी, बुधवारी, मी तोयोसुला ऑफिसात होते. निखिल घरून काम करत होता. सकाळी अकराच्या सुमारास त्याला स्वयंपाकघरातून सरांचा आवाज आला, "आलो गं." मग बाल्कनीचं दार सरकल्याचा आवाज. त्याला आधी वाटलं, फोनवर बोलतायत. पण सरांचा फोन त्याच्यासमोर टेबलावर होता. तो उठून धावला. बाबांचा एक पाय एसीच्या बाहेरच्या युनिटवर होता आणि हात कठड्यावर. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. निखिलने स्वेटरला धरून मागे ओढलं तेव्हा दोघेही बाल्कनीत पडले.

संध्याकाळी बाबांनी कबूल केलं, बाहेरून हाक आली होती, परत माझ्याच आवाजात. ब्रुअरीतही ते "आलो गं" म्हणाले होते. आणि निखिलनेही कबूल केलं की मामांच्या सूचनेचा अर्धा भाग त्याने गाळला होता. वरून तुमच्या माणसाच्या आवाजात हाक आली तर ओ देऊ नका, असं ते म्हणाले होते. "मला वाटलं माझंच जपानी कमी पडतंय," म्हणाला. मी दोघांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले.

काओरी-सानकरवी मामांना फोन केला. ते म्हणाले, एकदा ओ दिली की ते ओळख ठेवतं. ते काय, हे त्यांनाही माहीत नाही. तरुणपणी त्यांना त्याच माळ्यावरून त्यांच्या आईच्या आवाजात हाक आली होती आणि त्यांनी ओ दिली होती. तेव्हापासून घरात त्यांना कोणी हाक मारत नाही. बायको, मुलं, सगळे दोनदा टकटक करतात. टकटक ते करत नाही. म्हणजे टकटक झाली की आपलं माणूस, नुसती हाक आली की बसून राहायचं. एवढाच उपाय. मला तो चहाचा ट्रे आठवला.

आता तुम्ही जे विचाराल ते मी आधीच विचारून बसलेय. टाकीजवळचा गॅस डोक्यात गेला असेल? पाचव्या मजल्यावर कुठला गॅस. वयाचा परिणाम? बाबांच्या सगळ्या तपासण्या केल्या, मेंदूचा एमआरआयसुद्धा. स्वच्छ. आईच्या जाण्याचा धक्का? मग हाक आईच्या आवाजात का नाही? कोकणातले वाचक हाकामारी म्हणतील, दारात येऊन ओळखीच्या आवाजात हाक मारणारी. पण ती जपानात, मराठीत, आणि माझ्या आवाजात? काचेपलीकडे मी उभी नसते, दही खाल्लं नसतं, तर बाबा वर गेले असते, हे मात्र मी शपथेवर सांगते. त्यापलीकडे माझ्याकडे काही स्पष्टीकरण नाही. आणि परत करून दाखव म्हणायची हिंमत आता नाही.

बाबा डोंबिवलीला परत गेलेत. आम्ही तिथल्या गॅलरीला ग्रिल बसवून घेतलंय. हाक अजून येते, बहुतेक सकाळी, ते वर्तमानपत्र वाचत असताना. "अगदी तुझ्यासारखीच गं," म्हणतात, "लाडात आलीस की कशी म्हणतेस, तशी." ते उठत नाहीत, खुर्चीचे हात धरून बसतात. मी फोन करते तेव्हा आधी नखाने फोनवर दोनदा टकटक करते, मग ते "हं, बोल मनू" म्हणतात. ‘बाबा’ मी म्हणत नाही. माझ्या आवाजातल्या त्या हाकेला ओ द्यायची सवय त्यांना राहायला नको.

गेल्या रविवारी त्यांचा वाढदिवस होता. टकटक झाली, शुभेच्छा झाल्या, काय जेवलात वगैरे झालं. मग ते म्हणाले, "मनू, आज एकदा म्हण ना. तूच आहेस, कळतंय मला."

मी तोंड उघडलं होतं. खरंच म्हणणार होते. दीड वर्षात एवढी इच्छा मला कशाचीच झाली नव्हती. पण मला ती सहावी पायरी दिसली, आणि मी फोनवर दोनदा टकटक केलं.

मग तिकडूनही दोनदा टकटक आली.