पूजेच्या घरातलं स्विमिंग पूलचं फाटक

मंडळी, आत्ताच घरी पोचलोय.

एका मित्राने इथे भाड्याने बंगला घेतलाय, मागे स्वतःचा छोटा स्विमिंग पूल. आज तिथे सत्यनारायण होता. पूलभोवती कुंपण आहे, फाटक आपोआप बंद होतं. पण मित्राच्या आई म्हणाल्या, "पूजेच्या घरात आज कुठलंच दार बंद नको," आणि झेंडूच्या माळेने त्यांनी ते उघडं बांधून ठेवलं.

"काकू, लहान मुलं आहेत."

"अरे, एवढी माणसं आहेत की लक्ष द्यायला!"

आरतीला ती सगळी माणसं देवाकडे तोंड करून उभी. मी सहज मागे पाहिलं. मित्राची दोन वर्षांची ओवी पूलच्या काठावर ओणवी झाली होती. धावत जाऊन फ्रॉक पकडला तेव्हा तिचा एक पाय पाण्यात होता. तिला उचलून मी माळ तोडली, फाटक लावलं.

काकू रडल्या, मग म्हणाल्या, "सत्यनारायणानेच वाचवलं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

प्रसाद घेऊन निघालो, तर मित्र तुटलेल्या माळेला गाठ मारून फाटक परत बांधत होता.

"आई ऐकत नाही रे. आजचाच दिवस."

ओवीचा बाप आहे तो. आता मी अजून कुणाला सांगू?