पप्पा बसतील अशी गाडी

आमच्या घरात सेकंडहँड वस्तू येत नाही. हा नियम कधी कुणी मोठ्यानं सांगितला नाही, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. शाळेत बाकीच्या मुली वरच्या वर्गातल्या मुलींकडून अर्ध्या किमतीत पुस्तकं घ्यायच्या, मी मात्र दर जूनला कोऱ्या पुस्तकांत नाक खुपसून बसायचे. घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमधले एक काका घर बदलताना चांगला चालता फ्रिज आम्हाला फुकट देत होते. पप्पांनी हात जोडून नको म्हटलं आणि पुढचे दोन उन्हाळे आम्ही माठातलं पाणी प्यायलो. माझी पहिली गाडी, एक छोटी हॅचबॅक, शोरूममधून आली तेव्हा सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी दोन वर्षं काढू दिलं नाही. मे महिन्यात पाठ चिकटायची, उतरताना चर्रकन आवाज यायचा. काढलं की जुनी झाली, असं त्यांचं म्हणणं.

या हट्टाचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी कॉलेजात असताना, चिडून विचारलं म्हणून. पप्पा अकोल्याकडच्या खेड्यातले. लहानपणी त्यांना पाटलांच्या मुलाचे उतरलेले शर्ट मिळायचे. शर्ट देण्याआधी पाटलीणबाई त्याची बटणं काढून घ्यायच्या, बटणं कामाला येतात म्हणून. मग पप्पा बाभळीचे काटे लावून शर्ट बंद करायचे आणि शाळेत जायचे. "काट्याची सवय होते गं," ते म्हणाले, "बटणं मुद्दाम काढलीत हे सगळ्यांना दिसायचं, ते टोचायचं." पुढे शिकून ते महापालिकेच्या शाळेत मास्तर झाले, मुंबईत घर केलं आणि दुसऱ्याचं उतरलेलं आपल्या पोरीच्या अंगाला लागू द्यायचं नाही असं ठरवून टाकलं.

आणि अशा बापाची मुलगी मी, चाळिशीत येऊन एका स्पोर्ट्स कारच्या प्रेमात पडले.

दोष ऑफिसातल्या मित्राचा. तो अंधेरीच्या एका गावठाणातला, पिढ्यान्‌पिढ्यांचा मुंबईकर, कॅथलिक. रविवारी सकाळची मिस्सा झाली की दुपारी पाना घेऊन गाडीखाली झोपतो. त्यानं मला एकदा पुण्याच्या पलीकडे एका छोट्या ट्रॅकवर नेलं. तिथे आपली गाडी आणून, पैसे भरून, हेल्मेट घालून मनसोक्त पळवता येते. शर्यत नाही, बक्षीस नाही; याला ट्रॅक डे म्हणतात. त्यानं स्वतःच्या जुन्या दोन दारांच्या गाडीची चावी माझ्या हातात दिली. मी अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवर वीस वर्षं गाडी चालवते असं म्हणायचं. खरं म्हणजे वीस वर्षं दुसऱ्या गिअरमध्ये उभी आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मी गाडी चालवली. वळणाआधी ब्रेक, खालचा गिअर, स्टिअरिंग जरासं वळवलं आणि गाडी नाक आत घालून अशी वळली की जणू तिला माझ्या मनातलं कळत होतं. मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं हसत होते. चाळीस वर्षांत इतका निखळ आनंद मला फार थोड्या गोष्टींनी दिलाय.

मला हवी होती तशी गाडी आता नवी मिळत नाही. दोन सीट, इंजिन सीटच्या मागे, हातानं टाकायचा गिअर. कंपन्यांनी असल्या गाड्या बनवणं जवळपास सोडून दिलंय. म्हणजे घ्यायची तर वापरलेलीच.

एका रविवारी जेवताना मी विषय काढला. मी लग्न केलेलं नाही, आम्ही तिघं एकत्र राहतो, त्यामुळे घरातले सगळे ठराव ताटावरच मांडले जातात. आई म्हणाली, "घे बाई, हौसेला मोल नाही." पप्पांनी वरणभात कालवता कालवता विचारलं, "कुणाची?"

"असेल कुणाचीतरी. चांगली बघूनच घेईन ना."

त्यांनी कालवलेला घास संपवला. मग म्हणाले, "तू कमावतेस, तू घे. मला तिच्यात बसायला सांगू नकोस."

एवढंच. आवाज नाही, राग नाही. मीच चिडले. माझे पैसे, माझं लायसन्स, आणि ही कसली अट! पण रात्रभर चिडून झाल्यावर सकाळी उरलं ते दुसरंच. लर्निंग लायसन्सच्या पहिल्या दिवसापासून माझ्या शेजारची सीट पप्पांची. स्वतः कधी गाडी शिकले नाहीत, पण वरचं हँडल धरून "सिग्नल", "रिक्षा", "हळू" अशी बिनपगारी नोकरी त्यांनी वर्षानुवर्षं केली. आईला गाडी लागते. दोन सीटच्या गाडीतली दुसरी सीट मी घेत कुणासाठी होते? ते बसणार नसतील तर मला ती गाडी नको होती. हे मला स्वतःशी कबूल करायला चांगले चार दिवस लागले.

तरी बघायला काय हरकत, म्हणून मित्राबरोबर निघाले. मुलुंडची पहिली गाडी लालभडक, मागे केवढा तरी मोठा पंख बसवलेला. मित्र म्हणाला, "हिला चालवायचीय की उडवायचीय?" मालकानं इंजिन चालू करून दाखवलं तर समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यांत माणसं आली. दुसरी अंधेरीत एका डीलरकडे. काय चकाकत होती! टायरसुद्धा काळेभोर पुसलेले. मी हरखले. मित्रानं दाराच्या कडेच्या रबरावरून बोट फिरवलं, तिथे रंगाचे बारीक शिंतोडे होते, म्हणजे नंतर रंग मारलेला. मग डिकीतलं कार्पेट उचललं. खालचा पत्रा चुरगळून पुन्हा सरळ केलेला. वरून कीर्तन, आतून तमाशा. "हिची वाट आधीच लागलीय, चल," तो म्हणाला आणि डीलरचा चहा पूर्ण पिऊनच उठला.

तिसरी जुहूला होती. फोटो बघूनच मी बाकीच्या जाहिराती बंद केल्या. निळी, साधी, कुठे काही जास्तीचं चिकटवलेलं नाही. मी फोन पप्पांपुढे धरला. चष्मा वर करून त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "मी येतो."

"गाडी बघायला?"

"माणूस बघायला."

शनिवारी पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून ते हॅचबॅकमध्ये शेजारी बसले. साकीनाक्याला अर्धा तास अडकलो, तेवढ्यात त्यांनी सहा रिक्षा मला दाखवल्या. मित्र परस्पर तिकडे पोचला होता.

गाडीचे मालक सत्तरीचे गुजराती गृहस्थ, मराठी आपल्यासारखं बोलणारे. त्यांनी स्वतःच कव्हर काढलं आणि गाडीची ओळख तिच्या खोड्यांपासून करून दिली. हा चरा त्यांच्या सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरचा, ही चाकाची कड ट्रॅकवर घासलेली, एसी दुपारी रडतो. मित्र आडवा होऊन खाली शिरला, ब्रेकच्या चकत्या, टायर, तेल सगळं बघून आला आणि माझ्याकडे बघून फक्त म्हणाला, "झकास." मी चक्कर मारून आले. जुहूच्या गल्लीत काय कळणार, पण गिअर हातात असा बसला की मला तो सोडवेना. अशा गाडीला वीस वर्षं असं जपणारा माणूस, आणि तिचे दोष आपल्या तोंडानं सांगणारा! मला गाडीइतकाच तोही आवडला.

पप्पा गाडीपासून दोन हात लांब उभे होते. त्यांनी एकच विचारलं, "मग का विकताय?"

"गुडघे," मालक हसून म्हणाले. "आत बसता येतं हो, बाहेर निघता येत नाही. परवा वॉचमननं ओढून काढलं."

पप्पा खळखळून हसले. त्यांचेही गुडघे तसलेच, मास्तरकीत उभं राहून गेलेले, असं त्यांनी सांगितलं. दोघं म्हातारे गुडघ्याला लावायच्या तेलांवर आणि पट्ट्यांवर बोलायला लागले. मला वाटलं, जमतंय. पण गाडीला त्यांनी अजून हात लावला नव्हता, ते माझ्या लक्षात होतं.

इतक्यात त्या गृहस्थांना काहीतरी आठवलं. ते वर गेले आणि एक मोठी बॅग घेऊन आले. आत त्यांचं हेल्मेट, हातमोजे आणि ट्रॅकवर घालायचा निळा सूट. किती सुंदर होतं ते हेल्मेट! "हे घेऊन जा बेटा," ते म्हणाले. "पैसे नकोत. माझ्या आता काय कामाचं? सूट जरा उसवून घे, होईल तुला." किती प्रेमानं बोलले. माझा हात आपोआप पुढे झाला.

"गाडी घेऊ आम्ही," मागून पप्पा म्हणाले. "कपडे नकोत."

माझा हात तिथेच थांबला. ते गृहस्थ गोंधळले. "अहो मास्तर, नवंच आहे सगळं. दोनदा घातला असेल सूट."

पप्पांनी हात जोडले, फ्रिजवाल्या काकांपुढे जोडले होते तसेच. "राग मानू नका. तुम्ही मनानं देताय, मला दिसतंय. पण गाडी ती पसंत करून, दाम मोजून घेतेय. कपडे तिचे ती नवे घेईल."

मी त्या उतरलेला शर्ट घेणाऱ्या पोराच्या जागी आले होते, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. सत्तर वर्षांच्या पप्पांनी गुडघे दुखत असताना तेवढ्यात ओळखलं. मला रडू येत होतं आणि ‘गाडी घेऊ आम्ही’ हे तीन शब्द कानात वाजत होते. किती तोलून बोलला माझा बाप! देणाऱ्याचा अपमान नाही आणि घेणारीचाही नाही. मी आयुष्यात इतकं नेमकं काही बोललेले नाही.

ते गृहस्थही मोठ्या मनाचे. क्षणभर पप्पांकडे बघत राहिले, मग काही न विचारता बॅगेची चेन लावली आणि म्हणाले, "ठीक. मग किमतीचं बोला." पप्पांनी बाह्या सरसावल्या. भाव करणं वेगळं आणि फुकट घेणं वेगळं. घाटकोपरच्या मंडईत कोथिंबिरीला करतात तशी त्यांनी घासाघीस केली, त्या गृहस्थांनीही तोडीस तोड केली, आणि सौदा झाल्यावर दोघंही आपणच जिंकलो अशा चेहऱ्यानं चहा प्यायले. मित्र माझ्या कानात म्हणाला, "तुझा बाप भारी आहे यार." निघताना पप्पांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि धूळ दिसली म्हणून तो टप रुमालानं पुसलाही.

पण बसले नाहीत. गाडी घरी आली, आईनं औक्षण करण्याऐवजी बुद्धविहारातून आणलेली पांढरी फुलं पुढे ठेवली, मी त्रिशरण म्हटलं, पप्पांनी शेजाऱ्यांना पेढे वाटले. रविवारी सकाळी मी ती फिरायला काढायचे तेव्हा पप्पा खिडकीतून हात करायचे. मी विचारलं नाही. शब्द त्यांनी दिला होता, मोडायचा तर त्यांनीच.

पहिल्या ट्रॅक डेला ते मित्राच्या गाडीतून आले, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. मला वाटलं, आईनं डबा दिला असेल. दुपारी घरच्या माणसांना शेजारी बसवून सावकाश फेऱ्या मारू देतात. लोक बायकांना, बहिणींना नेत होते. मी एकटीच गाडीत बसून पट्टा लावत होते तेव्हा शेजारचं दार उघडलं.

पप्पांनी आधी पिशवी आत ठेवली, मग दार धरून, कण्हत, एक पाय, मग दुसरा, असे खाली उतरत उतरत एकदाचे सीटवर बसले. पिशवीतून त्यांनी हेल्मेट काढलं. पांढरं, कोरं, बाजूला दुकानाचा स्टिकर. स्वतः जाऊन आणलं होतं, कुणाला न सांगता. डोक्यात घातलं, पट्टा मीच लावून दिला. काचेवरचं प्लॅस्टिक तसंच होतं, कडेला एक बुडबुडासुद्धा.

"पप्पा, ते प्लॅस्टिक तरी काढा. काही दिसणार नाही."

"राहू दे," ते आतून म्हणाले. "नवं आहे." आणि वरचं हँडल शोधायला त्यांनी हात वर केला. हँडल त्या गाडीला नाहीच. मग त्यांनी माझ्या बाहीची कड धरली, आणि मी पहिला गिअर टाकला.