मुदीची मागची बाजू

आईच्या हाताची माझी पहिली आठवण तळव्याच्या बाजूची आहे. डोक्यावर खोबरेल थापणारा, पाठीत धपाटा घालणारा, कांद्याच्या सालपटांचा उग्र-गोडसर वास येणारा तो भेगाळलेला तळवा, आणि त्याच्या एका बोटावर सोन्याची आडवी, सपाट, फिकट रेघ... ती मुदीची मागची बाजू होती. मुदी म्हणजे अंगठीच, पण आमच्या घरात तिला कधी कुणी अंगठी म्हटलं नाही. तिच्या पुढच्या बाजूला कमळ होतं – पाकळी न् पाकळी कोरलेलं, कडेने मोहरीएवढे दाणे, आणि पाकळ्यांच्या खाचांत पिढ्यांचा काळपटपणा साठलेला. पाहुणेरावळे ते कमळ बघायचे, वाखाणायचे. मला मात्र ओळखीची होती ती मागची बाजू, कारण मारताना काय नि भरवताना काय, लेकराच्या वाट्याला आईचा तळवाच येतो.

मुदी थोरल्या सुनेची. पणजीकडून आजीकडे, आजीकडून आईकडे आलेली. नव्या सुनेचं बोट बारीक असलं तरी मुदी सोनाराकडे जात नसे. तिला कात्री लावायची नाही, असा दंडकच होता. मागच्या बाजूला दोरा गुंडाळायचा, त्यावर मेण चोळायचं आणि बोट भरायची वाट बघायची. बोट भरणारच, याची आमच्या घराला पक्की खात्री असे. कोवळ्या वयात आलेल्या पोरीला कामाला असं जुंपायचं की तिची पेरं आपोआप जाड होत. आईच्या मुदीवर लाल दोरा होता म्हणे. मी तो पाहिला नाही. माझ्या जन्माआधीच तो निघाला होता, आणि मला कळू लागलं तोवर मुदी आईच्या बोटात इतकी रुतली होती, की तेल-साबण लावूनही निघत नसे. घरातले याला रीत म्हणत आणि अभिमानाने सांगत. हल्ली रीत हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं.

आमचं गाव चाकणच्या अलीकडे. आता तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंपन्यांच्या भिंती आणि कंटेनरच्या रांगा आहेत. तेव्हा कांद्याची वावरं होती. उन्हाळ्यात कांदा निघाला की ओट्यावर कांदा, खाटेखाली कांदा, देव्हाऱ्याच्या कोनाड्याखालीही कांदा. दुपारचा वारा सुटला की गुलाबी सालपटं घरभर भिरभिरत, दुधाच्या पातेल्यात पडत, माझ्या वेणीत अडकत... आणि आई पायाशी ढीग घेऊन खुरप्याने पात कापत बसलेली असे. खुरप्याची मूठ आणि तिचं बोट यांच्यामध्ये मुदी. विहिरीचा दोर, कडब्याची पेंढी, बादलीची कडी, घमेल्याची कड – सगळं आधी मुदीला घासायचं आणि मग आईला. दिवेलागणीला वडील पारावरून येत, पाय धुवायला पाणी मागत, आणि त्याच हाताने भरलेली बादली त्यांच्यापुढे येई.

मग जमीन गेली. थोडी सरकारने घेतली, थोडी वडलांनी आणि चुलत्यांनी हौसेने विकली. दारात बुलेट आली, चुलत्यांच्या गळ्यात गोफ आले, पुरुषांच्या बोटांत एवढ्या अंगठ्या आल्या की भात कालवायची पंचाईत व्हावी. आईला काय आलं? खानावळ. कंपन्यांत कामाला लातूर-बीडकडची पोरं येऊ लागली होती, वडलांनी मोकळ्या जागेत पत्र्याच्या खोल्या बांधून ती भाड्याने दिली आणि आईला म्हणाले, “तू घरीच असतीस. चार भाकरी जास्त थापायच्या, त्यात काय मोठं?”

चार! पहाटे पहिल्या शिफ्टचे डबे, दुपारी दुसऱ्या शिफ्टचे, मध्ये रात्रपाळी करून आलेल्यांची ताटं. पातेली एवढाली, की घासताना आई कमरेपर्यंत त्यांच्या आत वाकायची. जळक्या रश्शाचा, ओल्या गोणपाटाचा, राखेचा वास... परसात नुसता राखेचा खरखराट चाललेला असे. त्या राखेने मुदीची मागची बाजू पत्र्यासारखी पातळ केली. तिची गोलाई गेली, कडेला धार आली. शाळेत जाताना आई माझं तोंड पुसायची तेव्हा गालावर ओरखडा उठे, आणि ताप आला की तीच बाजू कपाळावर गार लागे. आईचा हात अंधारातही मी तेवढ्यावर ओळखला असता. माझ्यासाठी ती झिजलेली बाजू म्हणजेच आई होती, हे मी आजही कुणापुढेही सांगेन.

गेल्या वर्षी आईचं बोट सुकलं आणि एक दिवस जेवताना मुदी वरणाच्या वाटीत गळून पडली. आई धाकट्या भावाकडे, दत्ताकडे राहते. गावातच, जुन्या घराच्या जागी त्याने बांधलेल्या बंगल्यात. मुदी धुऊन तिने पदराला पुसली आणि जाहीर केलं, “ही आता सईला. साखरपुड्याला घालंल.” सई म्हणजे दत्ताची एकुलती एक लेक. एका कंपनीत इंजिनिअर, कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेली, पंजा चांगला दणकट. मुदी तिच्या पेरावरच अडली. थोरल्या सुनेची मुदी नातीला द्यायची म्हणजे एक रीत मोडलीच होती. आता बोट भरायची वाट बघण्याचाही प्रश्न नव्हता. मुदी मोठी करणं भाग होतं.

मी रावेतला राहते. जुन्या वस्तूंचं मला वेड, म्हणून चौकशी माझ्याकडे आली. जुने दागिने दुरुस्त करणाऱ्या पुण्यातल्या एका कारागिराला मी विचारलं. त्याने समजावलं – ठोकून ताणू नका, जुनं सोनं तडकतं. मागच्या बाजूला मधोमध एकच काप द्या, त्याच कसाच्या सोन्याचा लहान तुकडा जोडा. कमळाला हात लावू नका, पॉलिश तर मुळीच नको, खाचांतला काळेपणा गेला की मुदीचं जुनेपण गेलं, आणि मग तिला सोन्याच्या भावापलीकडे किंमत नाही. मी हे सगळं दत्ताला फोनवर सांगितलं आणि वर माझं एक वाक्य जोडलं: “झिजलेली बाजू तशीच राहिली पाहिजे.” तो “हो हो ताई” म्हणाला. त्याचं “हो हो” मला लहानपणापासून माहीत आहे, तरी मी विश्वास ठेवला.

मुदी आली ती मखमलीच्या डबीतून. कमळ जसंच्या तसं, काळ्या खाचांसकट. मी ती उलटी केली – आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मागची बाजू नव्हतीच! होता एक नवाकोरा, जाडजूड, गुळगुळीत पट्टा. मी दत्ताला तसाच गाडीत घातला आणि चिंचवडच्या त्या काचेच्या दुकानात गेले. तिथला टाय लावलेला मुलगा गोड हसून म्हणाला, “मॅडम, मागची अर्धी बाजू झिजलेली होती. पूर्ण काढून नवीन टाकली. वजन वाढलं, म्हणजे व्हॅल्यू वाढलीच ना?”

“ती काढायला सांगितली कुणी?”

त्याने दत्ताकडे पाहिलं. दत्ताने काचेतल्या बांगड्यांकडे.

परतीच्या रस्त्यावर मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. दत्ताच्या घरात पाऊल टाकलं तरी तोंड चालूच होतं. “जमीन विकलीत, विहीर बुजवलीत, चिंच तोडून तिथे शेड उभी केलीत! आईची एवढीशी खूण राहिली होती, तीही तुमच्या डोळ्यांत खुपली का रे? लाज कशी वाटली नाही!” त्याची बायको संगीता पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकली. आई खाली बसून लसूण सोलत होती. पाकळी हातातच ठेवून ती म्हणाली, “त्याला कशापायी बोलतीस? मीच सांगितलं काढाया.”

“तू? आई, अगं ती तुझी खूण होती. तुझ्या कष्टांची...”

“व्हय. कष्टाचीच.” आईचा आवाज चढला. जन्मात मी तिला इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. “मी काय हौसेनं झिजवली व्हय गं ती? कुनी इचारलं व्हतं मला? पोरगी नव्या घरी चाललीया. तिच्या बोटात माझी खरकटी पातेली कशाला? तुला लई ग्वाड वाटतंय समदं. तू शाळेत व्हतीस.”

मी काहीबाही बोलले. आठवणी, जपणं, असलं काहीतरी. माझ्याच कानांना ते फुसकं वाटलं.

“जपलंय की,” आई म्हणाली. कनवटीला खोचलेली प्लॅस्टिकची पुडी तिने काढली. आत ती होती – झिजून पातळ झालेली, वाकडी, धारदार अर्धगोल बाजू. “कमळ घरचं व्हतं, ते घरच्या पोरीला दिलं. ही मी झिजवली, ही माझी. हिची चमकी करून आन मला. नाकात घालाया.”

संगीताने तांब्या खाली ठेवला. “आई, आता? या वयात? लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतात ते मी पाहिलेलं आहे. वडील गेले तेव्हा गावच्या बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, आणि ते करता करता तिच्या नाकातली चमकीही काढून घेतली. ती कुणाच्या मुठीत गेली, हे आजतागायत कळलेलं नाही. ज्या माणसाने तिला पातेल्यात कमरेपर्यंत वाकवलं, तो गेला म्हणून तिचं नाकही भुंडं करायचं! मी तिथेच उभी होते आणि मला ते सारं किती करुण, किती जुनं वाटलं होतं. आता त्या बायकांपैकी एकेकीला धरून विचारावंसं वाटतं. वडलांनाही विचारावंसं वाटतं... पण त्यांच्या फोटोला हार घातलेला आहे, आणि हार घातलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही केवढी सोय आहे.

पुडी घेऊन मीच गेले. काळेवाडीत एक छोटं दुकान आहे, तिथे डोळ्यांसमोर काम करून देतात. दुकानदाराने ती बाजू चिमट्यात धरून सोनं वितळवायच्या मुशीत ठेवली, तेव्हा “थांबा” हा शब्द अगदी ओठांवर आला होता. एकदा तरी गालाला लावून बघावी, असं वाटलं. पण लाजले, आणि त्याने ज्योत सोडली. कडा आधी लाल झाल्या, मग वाकल्या; खुरपं, दोर, राख, माझ्या कपाळावरचा गारवा, सगळं गोळा होऊन मुशीत एक थरथरता पिवळा थेंब उरला. मी रडले, आणि मला रागच आला होता. आईचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून तर आणखीच.

लग्नसराईमुळे चमकी साखरपुड्यानंतरच मिळेल, असं तो म्हणाला. मी दत्ताकडे जाऊन सांगितलं, तर आईने लगेच आरशासमोर बसून नाकाचं जुनं भोक चाचपायला सुरुवात केली. ते जवळजवळ बुजलं होतं. कडुलिंबाची बारीक काडी तेल-हळदीत बुडवून तिने ती नाकपुडीत दाबली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, रक्ताचा ठिपका आला, पण काडी आरपार गेली. ती तशीच नाकात ठेवून तिने पदराने डोळे टिपले आणि पुन्हा लसूण सोलायला बसली.

साखरपुडा कार्यालयात झाला, थाटात झाला. सईच्या बोटात मुदी छान बसली; ज्याने त्याने तिचा हात हातात घेऊन कमळ पाहिलं, आणि कुणीही ती उलटी करून बघितली नाही. जी ती बाई बघत होती ती आईकडे. चुलत्या एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. एक तर माझ्या कानाशी लागून म्हणाली, “तुझ्या आईला काय खूळ लागलं गं?” मी तिला जे उत्तर दिलं त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

घरच्यांच्या फोटोसाठी सगळे उभे राहिले. आई मधोमध, खुर्चीवर. फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून डोळा काढला आणि म्हणाला, “आजी, तुमच्या नाकाला काहीतरी चिकटलंय.” कुणीतरी खुदकन हसलं. संगीता ओशाळून पुढे झाली आणि काडी काढायला तिने हात नेला, तोच आईने तिचं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे,” आई म्हणाली. “भोक बुजंल.”

आणि तिने मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं.