ब्रेकमधली हवा

इथले भुताखेताचे अनुभव मी वर्षभर नुसता वाचतोय. खरं सांगायचं तर दोन-तीन ठिकाणी चेष्टाही केलीय. मी रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं आणि ते सापडतंच, यावर माझं पोट चाललं. भूतबित सगळं थोतांड, असं चारचौघांत छाती ठोकून बोलायचो. त्यामुळं हे लिहिताना लाज वाटतेय. पण लिहितो.

गाव मांडवगण फराटा. दोन हजार सालाच्या पुढची-मागची गोष्ट. माझ्याकडं एक जुनी फियाट होती, चारी चाकांना ड्रम ब्रेक. माझ्या डोक्यात खूळ शिरलं — पुढं डिस्क ब्रेक बसवायचे! भंगारातून दुसऱ्या गाडीचे डिस्क आणि त्यांना चिमटा घेणारे कॅलिपर आणले, जाड प्लेट कापून ब्रॅकेट स्वतः बनवले. कंपनीतली माणसं बघायला यायची. मी फुगलो होतो नुसता.

ब्रेक बसवले की ऑइलच्या लाइनमधली हवा काढावी लागते. त्याला दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं गाडीखाली आडवं होऊन चाकामागचा निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, खोलायचा. ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. खालच्याला वरचा दिसत नाही. नुसतं ओरडायचं — "दाब... सोड."

पेडलवर माझी आत्या असायची. लग्नानंतर वर्षभरात ती माहेरी परत आली आणि आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. लहानपणी मेंढरांमागं हिंडलेली, उंचीनं ठेंगणी. पाय पोचावा म्हणून पाठीमागं घोंगडीची घडी घ्यायची आणि ठणकावून सांगायची, "दाबलं रं!"

त्या दिवशी शेवटी ती म्हणाली, "आरं, मऊ लागतंय ह्ये. पार खाली जातंय. आजून दाबू का?"

मी दमलो होतो. "तुला काय कळतंय त्यातलं? बास झालं आता, उतर खाली."

बिचारी उतरली.

दुसऱ्या दिवशी तिला दौंडला डोळे दाखवायला न्यायचं होतं. भीमेकडं उतरणाऱ्या रस्त्याला, वळणावर पेडल दाबलं... ते तळाला जाऊन टेकलं. गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. आत्याचा उजवा गुडघा फुटला. ज्या पायानं तिनं पेडल दाबलं होतं, तोच.

माणसं जमली. मी तोंड उघडायच्या आत आत्या कण्हत म्हणाली, "शेरडू आडवं आलं वो. पोरानं गाडी वळवली म्हनून वाचलो."

तिथं कसलंही शेरडू नव्हतं.

नंतर गाडी खोलली तेव्हा कळलं. डावं कॅलिपर मी उजवीकडं बसवलं होतं आणि उजवं डावीकडं. त्यामुळं निपल खालच्या अंगाला आले. हवा वर चढते, ती आतच राहिली; आत्याला पेडल मऊ लागलं ते त्यामुळंच. अरे, नव्या पोरानं ही चूक केली असती तर मी त्याला कंपनीतून हाकलला असता! आत्या पुढं काठीवरच चालली. मी कुणाला काही बोललो नाही. दोन वर्षांनी ती तापानं गेली. दहाव्याला सगळे शेरडाचीच गोष्ट सांगत होते आणि मी मान हलवत होतो.

काही महिन्यांनी शेजारच्या गुरुजींनी ती गाडी घ्यायचं ठरवलं. शिरूरला ये-जा, सोबत दोन लहान मुली. मी डिस्क काढून फेकले, मूळचे ड्रम परत बसवले. कंपनीची गुरुवारची सुट्टी होती, सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. गाडी ठोकळ्यांवर चढवली, बायकोला — पुष्पाला — सीटवर बसवलं आणि खाली शिरलो.

पहिल्या चाकाला पुष्पा नीट सांगत होती, "दाबलं... सोडलं." दुसऱ्या चाकापासून आवाजच बंद. पेडल मात्र वेळच्या वेळी. मी "दाब" म्हणालो की ऑइल यायचं, "सोड" म्हणालो की पेडलची स्प्रिंग वाजायची.

मी वैतागलो. "तोंड शिवलं का गं?"

म्हटलं, रुसली असेल. चारी चाकं झाली, शेवटचा निपल आवळला आणि ओरडलो, "बास झालं आता, उतर खाली."

आणि पेडल पुन्हा दाबलं गेलं. मी न सांगता. एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा दाबून धरलं.

"काय कटकट आहे!" म्हणत मी निपल परत खोलला. भदकन हवेचा मोठा बुडबुडा आला, त्याच्यामागून स्वच्छ ऑइल. एवढी हवा आत ठेवून मी त्या पोरींना गाडीत बसवणार होतो.

निपल आवळून बाहेर आलो, पुष्पाला शाबासकी द्यायला. सीट रिकामी. पुष्पा डोक्यावर डबा घेऊन समोरच्या रस्त्यानं येत होती.

"अवो, मी तर मघाशीच दळण आणाया गेल्ते. एक चाक झाल्याव सांगितलं की वरडून! तुम्ही 'हूं' म्हनला."

हातानं पेडल दाबून बघितलं. दगडासारखं कडक.

वाडीतली पोरं शाळेत होती, आवाराचं फाटक लावलेलं. निपल उघडा राहिला तर ऑइल आपोआप झिरपतं, एवढं मला कळतं. पण तीनदा दाबून धरलेलं पेडल? इतकी वर्षं कारण शोधतोय, सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर सांगा.

पण मला छळतं ते वेगळंच. ती आत्याच होती असं धरलं, तर तीन चाकं होईपर्यंत ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. शेरडू नव्हतं हे फक्त तिला आणि मलाच ठाऊक. "आत्या, चुकलं माझं," एवढं म्हणायला किती वेळ लागतो हो? आणि मी तिला परत तेच म्हणालो — बास झालं आता, उतर खाली.