दोन्ही बाजूंचे काका

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी आम्हा निवृत्त मंडळींचा कट्टा भरतो. तिथे चालणं कमी आणि देश चालवणं जास्त. गेल्या हिवाळ्यात एक अनोळखी, वयस्कर काका रोज आमच्या बाकाच्या टोकाला येऊन बसू लागले. कुणाचा आवाज चढला की ते कानावरची माकडटोपी वर सरकवून मान डोलवायचे. मी सरकारच्या बाजूचा, आमचे मास्तर विरोधातले. काका आपल्याच बाजूचे आहेत, अशी आम्हा दोघांचीही खात्री होती.

एकदा कांदा निर्यातीवरून आमचं इतकं पेटलं की पुन्हा तोंड बघायचं नाही, इथपर्यंत आलं. मास्तर म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा, कोणाचं बरोबर?"

काका ओशाळले. "मला यातलं काही कळत नाही हो. बायको गेल्यापासून घरात भांडायला कोणी नाही. इथं बसलं की बरं वाटतं."

मी उगाच बुटाची नाडी बांधायला वाकलो. काका घाबरले. "थांबलात का? चालू द्या की!"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "तर साहेब, तुमचं सरकार मुळातच चुकलंय."

इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी चिडलो नव्हतो.